बाँडची ती धून नक्की कोणाची, नॉर्मनची की बॅरीची? आणि त्यात सतार कुठून आली?

प्रश्न असा होता: जेम्स बाँडची ती गिटारवाली धून जॉन बॅरीची आहे असं सगळे सांगतात, मग टायटल्समध्ये मॉन्टी नॉर्मनचं नाव का येतं, आणि ती मुळात एका भारतीय गाण्यावरून उचललेली आहे हे खरं की उगाच पसरवलेली गंमत?

थोडक्यात उत्तर हवं असेल तर गिटारच्या चालीचे सूर नॉर्मनचे, ते ऐकून अंगावर जो काटा येतो तो बॅरीचा, आणि भारतीय गाण्याची गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणजे गाणं इंग्रजी, लिहिणारा लंडनचा, पण ज्या कथेसाठी लिहिलं ती आपल्याकडून गिरमिटिया म्हणून त्रिनिदादला गेलेल्या माणसांच्या घरातली. आता सविस्तर सांगतो, कारण मी बरीच वर्षं सेशनला, म्हणजे स्टुडिओत दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगला, गिटार वाजवली आहे, अरेंजिंगही, म्हणजे चालीभोवती वाद्यांची मांडणी, करतो, आणि या एका धुनेत आमच्या धंद्यातलं सगळं रामायण आहे.

आधी नॉर्मन. हा माणूस सिनेमावाला नव्हताच. १९२८ चा जन्म, लंडनच्या ईस्ट एंडमधल्या ज्यू घरातला, तरुणपणी मोठमोठ्या डान्स बँडांबरोबर गायचा आणि मग नाटकांकडं वळला. १९५८ चं 'एक्स्प्रेसो बोंगो', त्यानंतर 'मेक मी अॅन ऑफर', अशी त्याची म्युझिकल्स लंडनमध्ये गाजली. म्हणजे आपल्याकडं संगीत नाटकांना चाली देणारा माणूस असतो ना, त्या पठडीतला, प्रसंग द्या, शब्द द्या, पात्र द्या, चाल देतो. त्याच्या 'बेल' नावाच्या एका म्युझिकलमध्ये कबी ब्रॉकली या निर्मात्यानं पैसे घातले होते, ते काही चाललं नाही, पण ब्रॉकलीच्या मनात हा माणूस राहिला आणि १९६२ मध्ये तो आणि त्याचा पार्टनर हॅरी साल्ट्झमन 'डॉक्टर नो' करायला निघाले तेव्हा त्यांनी नॉर्मनला विचारलं. नॉर्मन म्हणे का-कू करत होता, हातात दुसरी कामं होती, मग साल्ट्झमननं सांगितलं की बायकोला घेऊन जमैकाला चल, सगळा खर्च आमचा, तिथली हवा खा, तिथलं संगीत ऐक. झालं. संगीतकाराला पटवायचं कसं हे निर्मात्यांना सगळ्या देशांत बरोब्बर कळतं.

जमैकात त्यानं काम चांगलंच केलं हे सांगायला हवं, कारण बॅरीची बाजू घेणारे लोक नॉर्मनला एकदम टाकाऊ ठरवून मोकळे होतात. त्यानं कॅलिप्सोच्या, म्हणजे कॅरिबियन बेटांवरच्या लोकगाण्यांच्या, ढंगाची गाणी केली, बायरन ली आणि त्याचा ड्रॅगनेअर्स हा तिथला बँड पिक्चरमध्ये दिसतोसुद्धा, आणि आंब्याच्या झाडाखालचं ते गाणं, जे नायिका उर्सुला अँड्रेस समुद्रातून बाहेर येताना गुणगुणते, ते नॉर्मनचंच, आणि आवाज उर्सुलाचा नाही बरं का, नॉर्मनची बायको डायना कूपलंड हिचा आहे. पिक्चरमधल्या जमैकाला जो वास आहे तो या गाण्यांमुळं आहे.

पण अडचण अशी झाली की हे सगळं जमैकाचं संगीत होतं, बाँडचं नव्हतं. हीरो लंडनचा गुप्तहेर, कोट, सिगारेट, जुगाराचं टेबल, पिस्तूल, त्याच्यासाठी कॅलिप्सो कसं चालणार. निर्मात्यांना एक थीम हवी होती, पुढच्या पिक्चरांनाही चालेल अशी, कारण बाँडचा लेखक इयान फ्लेमिंग याच्या कादंबऱ्यांची अख्खी मालिका करायचा त्यांचा बेत होता. नॉर्मननं जे काही दिलं ते त्यांना पटेना. आता अशा वेळी कुठलाही चाल लावणारा माणूस काय करतो? जुनी वही काढतो. नॉर्मननंही ड्रॉवर उघडला.

त्या ड्रॉवरमध्ये एक पडून राहिलेलं म्युझिकल होतं. व्ही. एस. नायपॉल यांची 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' ही कादंबरी १९६१ मध्ये आली, तिच्यावर नाटक करायचं चाललं होतं, गाणी नॉर्मनची. कथा त्रिनिदादमधल्या भारतीय कुटुंबाची, पंडित, पत्रिका, सासरचं भलंमोठं घर आणि स्वतःचं छोटंसं घर व्हावं म्हणून आयुष्यभर धडपडणारा मोहन बिस्वास. ते नाटक उभं राहिलं नाही, एवढे भारतीय वंशाचे नट त्या काळात लंडनमध्ये जमवणं हीच मोठी अडचण होती. तर त्यातलं एक गाणं होतं 'बॅड साइन, गुड साइन'. शुभ-अशुभ. कादंबरीत बिस्वास जन्माला येतो तोच उलटा, पायाळू, वर सहा बोटं, आणि पंडित येऊन सांगतो की या मुलाची शिंक अशुभ आहे. गाणं याच प्रसंगाचं, बिस्वास आपल्या फुटक्या नशिबाची कहाणी गातो, चाल मुद्दाम सतारीच्या ढंगाची केलेली. म्हणजे जगातल्या सगळ्यात देखण्या, कधीही न चुकणाऱ्या हेराची ओळख ज्या सुरांवर आहे ते सूर मुळात एका पनवती माणसाच्या शिंकेसाठी लावलेले होते. हे मी रंगवून सांगत नाहीये, नॉर्मननं स्वतः २००५ मध्ये आपल्या अल्बमवर ते मूळ गाणं गाऊन काढलं, ऐकून बघा, हसू येतं आणि मग एकदम ओळख पटते.

आता सुरांचं बोलू, ते आपल्याला सोपं जाईल. धून ई मायनरमध्ये आहे. ई ला सा धरा. गिटारचा मुख्य तुकडा: सा रेरे रे रे, सा सा सा, मग सा गग ग ग, रे रे रे, यातला ग कोमल. बस एवढंच, तीन सूर. पुढं वरून खाली येणारी ती जी वळणाची जागा आहे ती शुद्ध नी, कोमल नी, प, म, प. दोन्ही निषाद लागोपाठ. मियाँ मल्हारवाल्यांना हे ऐकून काही वाटणार नाही, पण तिथला कारभार वेगळा, तिथं निषाद आंदोलन घेत येतात, इथं सरळ अर्ध्या स्वराची घसरण आहे, जॅझमधली.

नॉर्मन सांगायचा की चाल तीच ठेवून त्यानं नुसते सूर फोडले. गाण्यात शब्दावर सूर लांबतो, तो सूर ओढायच्या ऐवजी तुकडे करून चार वेळा वाजवला, डम डिडी डम डम, आणि त्या क्षणी त्याला वाटलं की हाच बाँड. आता हे डम डिडी डम डम सतारवाल्याला म्हणून दाखवा. तो म्हणेल दा दिर दा रा. आपल्याकडं सतार शिकायला बसलेलं पोर सुरुवातीलाच जे बोल घोटतं, मसीतखानी गतीत असोत की रझाखानीत, त्यातला हा अगदी रोजचा तुकडा आहे. नॉर्मनला हे बोल माहीत होते असं मी म्हणत नाही, लंडनमधला ब्रॉडवे ढंगाचा माणूस तो, पण सतारीचा भास आणायचा म्हणून कानावर जे पडलं होतं त्यातून हात त्याच जागी गेला, कारण मिझराबीनं, म्हणजे बोटात घालायच्या तारेच्या नखीनं, लांब सूर टिकत नाही, तो सारखा छेडावा लागतो, आणि नेमकी तीच गोष्ट इलेक्ट्रिक गिटारवर आणली की त्यातून खुन्नस तयार होते. गाण्यात जे विनोदी वाटत होतं ते शब्द काढल्यावर धमकीसारखं वाटायला लागलं.

तर नॉर्मनकडं चाल होती, पण निर्मात्यांच्या डोक्यात जे वाजत होतं ते अजून कागदावर नव्हतं. युनायटेड आर्टिस्ट्स या फिल्म कंपनीच्या म्युझिक विभागाच्या नोएल रॉजर्सनं मग जॉन बॅरीला फोन केला.

बॅरी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. यॉर्कचा, वडिलांची थिएटरं होती, पिक्चर बघतच मोठा झालेला. लष्करी नोकरीच्या काळात त्यानं बिल रुसो यांच्याकडून पत्रानं अरेंजिंगचा कोर्स केला, रुसो म्हणजे स्टॅन केंटनच्या अमेरिकन जॅझ बँडचे अरेंजर, आणि केंटन म्हणजे ब्रास. ट्रम्पेट-ट्रॉम्बोनची भिंत. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल. मग त्यानं जॉन बॅरी सेव्हन नावाचा बँड काढला, त्यात व्हिक फ्लिक नावाचा गिटारवाला, आणि १९५८ पासूनच त्यांच्या रेकॉर्डवर ती जाडसर, ठणठणीत गिटार ऐकू येते. 'बीज नीज' नावाची त्यांची एक जुनी रेकॉर्ड आहे, ती लावली तर बाँडचा चुलतभाऊ ऐकल्यासारखं वाटतं. अॅडम फेथ या पॉप गायकाच्या १९५९ च्या नंबर वन गाण्यात व्हायोलिनची जी टिचक्या मारल्यासारखी साथ आहे ती बॅरीची, आणि लोक गाण्यापेक्षा ती साथच गुणगुणत होते. म्हणजे रॉजर्सनं योग्य माणसाला फोन केला होता. सौदा सांगितला: अडीचशे पौंड एकरकमी, संगीतकार म्हणून नाव नॉर्मनचंच राहणार कारण त्याच्याशी करार झालेला आहे, काम तातडीचं आहे, आणि हे पिक्चर चाललं तर पुढं बघू. बॅरीनं पिक्चर पाहिलंही नव्हतं. हो म्हणाला.

आमच्यातला कुठलाही अरेंजर हो म्हणतो. मलाही एकदा एका निर्मात्यानं फोनवर गुणगुणलेली चार ओळींची चाल पाठवली होती, तालाचा पत्ता नाही, पट्टीचा पत्ता नाही, मध्येच कुत्रं भुंकतंय, आणि त्यातून इंट्रो, दोन इंटरल्यूड, कोरस सगळं उभं करून दिलं, नाव आलं ते शेवटच्या सरकत्या यादीत मेकअपच्या खाली. त्याचं काही नाही, धंदा असाच आहे. पण बॅरीला मिळालेल्या कागदावर काय होतं आणि काय नव्हतं यावर जी पुढं कोर्टात घासाघीस झाली ती मला म्हणूनच फार जवळची वाटते.

रेकॉर्डिंग झालं २१ जून १९६२ ला, लंडनच्या बेजवॉटर भागातल्या सीटीएस स्टुडिओत, इंजिनिअर एरिक टॉमलिन्सन. बँड बघा: पाच सॅक्सोफोन, नऊ ब्रास, ऱ्हिदम सेक्शन आणि एक सोलो गिटार. व्हायोलिनचा ताफा नाही! हॉलिवूडमध्ये तेव्हा थीम म्हटली की व्हायोलिनचा समुद्र असायचा, इथं नुसतं पितळ आणि एक गिटार.

आणि ती गिटार कुठली, तर फेंडर वगैरे अजिबात नाही. क्लिफर्ड एसेक्स पॅरागॉन डिलक्स, १९३९ ची, मोठ्या पोकळ पोटाची इंग्लिश जॅझ गिटार. तिच्यावर डीआर्मंड कंपनीचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा तुकडा, वरून बसवलेला. फ्लिकला तो पिकअप तारांच्या आणखी जवळ, ब्रिजकडं म्हणजे घोडीकडं हवा होता म्हणून त्यानं सिगारेटचं पाकीट चुरगाळून पिकअपखाली खुपसलं. जाडजूड तारा, कडक पिक, हात ब्रिजजवळ, आणि आवाज फेंडर व्हायब्रोलक्स अॅम्पमधून. ज्यांनी गिटार वाजवली आहे त्यांना कळेल की ब्रिजजवळ छेडल्यावर आवाज पातळ आणि टोकदार होतो, पण गिटार पोकळ आणि चाल खालच्या सप्तकात असल्यामुळं तो पातळपणा भरून निघतो, म्हणून तो सूर धारदार पण वजनदार लागतो. त्यात स्टुडिओत सगळे एकत्र वाजवत होते, त्यामुळं गिटारचा आवाज आजूबाजूच्या माइकमध्येही थोडा शिरला आणि त्याला आपोआप खोली मिळाली. आज कॉम्प्युटरवर प्लगइन लावून लोक हा टोन शोधत बसतात. फ्लिक मनातून बीटच्या किंचित पुढं वाजवतो, ओढ असल्यासारखा, आणि ती अधीरता कुठल्याही प्लगइनमध्ये मिळत नाही. या कामाचे त्याला सेशनचे ठरलेले पैसे मिळाले, दहा पौंडसुद्धा नाहीत.

आता धुनेचे भाग पाडून बघा, म्हणजे कोणाचं काय ते कळेल. सुरुवातीला ब्रासचा एक जोरकस ठोसा आणि त्याखाली ती सरकणारी ओळ: प, कोमल ध, शुद्ध ध, परत कोमल ध. कॉर्ड ई मायनरच, बाकी सगळी बोटं जागेवर, एकच सूर अर्ध्या अर्ध्या पायरीनं वर जातो आणि खाली येतो. कोणीतरी दाराबाहेर येरझाऱ्या घालतंय असा भास होतो तो यामुळं. असली सरकती ओळ ही कोणाची मालकी नव्हे, जॅझमध्ये ती आधीपासून होती, पण इथं ती नेमकी वापरली आहे. त्यानंतर गिटारचा तुकडा, म्हणजे नॉर्मनचं 'बॅड साइन, गुड साइन'. मग मधला भाग येतो जिथं ताल एकदम स्विंगमध्ये जातो आणि ब्रास बेबॉपच्या, म्हणजे वेगवान जॅझच्या, अंगानं फेकत सुटतं, ट्रम्पेट वर वर चढत जातात, हे केंटनकडून रुसोकडं आणि रुसोकडून पोस्टानं बॅरीकडं आलेलं. ड्रॉवरमधल्या सतारीच्या गाण्यातून हा भाग येणं मला तरी शक्य वाटत नाही, हा हात बॅरीचाच. मग परत गिटार, आणि शेवट.

शेवटच्या कॉर्डवर जरा थांबतो कारण ती माझी लाडकी आहे. ई मायनर मेजर नाइन. मायनर कॉर्डमध्ये कोमल ग आहे, त्यावर शुद्ध नी ठेवला आणि वर रे. कोमल ग म्हणतो दुःख, शुद्ध नी म्हणतो सा वर जायचंय, पण जात नाही, तिथंच लटकतो. ती कॉर्ड सुटत नाही. पिक्चर संपलं पण काम बाकी आहे असं सांगणारी ती कॉर्ड, आणि आज जगात कुठंही कोणीही ती एकदा छेडली की लोक म्हणतात, अरे हेरगिरी! एका कॉर्डला एवढं नशीब क्वचित मिळतं.

पिक्चर ५ ऑक्टोबर १९६२ ला लंडनमध्ये लागलं. टायटल्समध्ये काय लिहिलं होतं ते नीट वाचा: संगीत मॉन्टी नॉर्मन, ऑर्केस्ट्रेशन बर्ट ऱ्होड्स, संचालन एरिक रॉजर्स, आणि बाँड थीम 'वाजवली' जॉन बॅरी आणि ऑर्केस्ट्रानं. अरेंज केली असंही नाही. बॅरी सांगायचा की तो लंडन पॅव्हिलियनला तिकीट काढून पिक्चर बघायला गेला, त्याला वाटलं होतं दोन मिनिटांची धून टायटलला वाजेल आणि संपेल, आणि बघतो तर सगळीकडं तीच. पिस्तुलाच्या नळीला ती, पांढरे ठिपके नाचतात तिथं ती, आणि जुगाराच्या टेबलावर बाँड झालेला शॉन कॉनेरी पहिल्यांदा आपलं नाव सांगतो, 'बाँड, जेम्स बाँड', त्या क्षणी खाली तीच सुरू होते. एडिटर पीटर हंट वगैरे मंडळींनी रेकॉर्डिंग कापून कापून हवं तिथं चिकटवलं होतं. नीट ऐकलं तर काही ठिकाणी कळतं की हा तुकडा या प्रसंगासाठी वाजवलेलाच नाही, बाँड नुसता विमानतळावर चालतोय आणि मागं पितळ ओरडतंय. तंत्र म्हणून ओबडधोबड, पण त्यामुळंच धून आणि माणूस एकमेकांना घट्ट चिकटले. ओळखीचा क्षण आणि धून एकत्र पहिल्यांदा ऐकू येणं, याला पर्याय नाही. जॉन बॅरी ऑर्केस्ट्राच्या नावानं निघालेली रेकॉर्ड ब्रिटनच्या चार्टवर तेराव्या नंबरपर्यंत गेली.

'पुढं बघू' हे वचन मात्र निर्मात्यांनी पाळलं. १९६३ च्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' पासून १९८७ च्या 'द लिव्हिंग डेलाइट्स' पर्यंत अकरा बाँडपटांचं संगीत बॅरीचं. नॉर्मन मात्र दुसऱ्या बाँडपटात नव्हताच. एकाला मालिका मिळाली आणि दुसऱ्याला धुनेची रॉयल्टी, आणि ती रॉयल्टी म्हणजे गंमत नव्हे, १९७६ ते १९९९ या काळातच काही लाख पौंड.

यामुळं जे व्हायचं ते झालं. दर काही वर्षांनी कोणीतरी छापायचं की धून खरी बॅरीची, नॉर्मन फुकटचं खातोय, आणि नॉर्मन कोर्टात जायचा किंवा माफी मागून घ्यायचा. १९९७ मध्ये संडे टाइम्सनं तसं छापलं, नॉर्मननं बदनामीचा दावा ठोकला, आणि मार्च २००१ मध्ये लंडनच्या हायकोर्टात ज्यूरीसमोर सुनावणी झाली. बॅरी साक्षीला आला, आपण धून केली आणि अडीचशे पौंडांच्या बोलीवर नाव सोडलं असं त्याचं म्हणणं. नॉर्मनकडून स्टॅन्ली सॅडी यांच्यासारखे मोठे संगीत अभ्यासक उभे राहिले. आणि मिस्टर बिस्वासची शिंक कोर्टात ऐकवली गेली. ज्यूरीनं एकमतानं नॉर्मनच्या बाजूनं निकाल दिला, तीस हजार पौंड भरपाई. गंमत बघा, त्याच २००१ च्या ऑक्टोबरात नायपॉलना नोबेल जाहीर झालं.

माझं मत विचाराल तर निकाल कायद्यानं बरोबर आहे. कायदा विचारतो सूर कोणाचे, आणि गिटारच्या त्या तुकड्याचे सूर 'बॅड साइन' मधलेच आहेत हे कानानं सरळ कळतं, त्याला तज्ज्ञही लागत नाही. पण कायद्याला हा प्रश्न विचारताच येत नाही की ते सूर कोणाच्या हातात पडल्यावर जिवंत झाले. नॉर्मनची चाल नॉर्मनकडं राहिली असती तर ड्रॉवरमध्ये मेली असती, आणि बॅरीला ती चाल मिळाली नसती तर त्यानं 'बीज नीज' सारखीच आणखी एक चांगली, पण विसरून जाण्यासारखी रेकॉर्ड केली असती. जे लोक एका बाजूनं तावातावानं बोलतात त्यांनी दोन्ही रेकॉर्ड लागोपाठ ऐकाव्यात, भांडणच संपतं. बॅरीचा मोठेपणा सिद्ध करायला या एका धुनेची गरजही नाही, त्याला पाच ऑस्कर मिळाली, 'बॉर्न फ्री' साठी दोन, मग 'द लायन इन विंटर', 'आउट ऑफ आफ्रिका', 'डान्सेस विथ वुल्व्ह्ज'. बाँडसाठी एकही नाही!

हे वाचून आपल्याकडच्या लोकांना सेबास्टियन डिसूझांची आठवण यायला हवी. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांत जे व्हायोलिनचे ताफे उसळतात, काउंटर मेलडी जी मुख्य चालीच्या मागून वळसा घालून येते, ते या गोव्याच्या माणसाचं काम, आणि पाटीवर नाव आलं तर 'सहाय्यक' म्हणून. अँथनी गोन्साल्विस गोव्याच्या माजोर्ड्याचे, त्यांच्याकडं प्यारेलाल व्हायोलिन शिकले आणि १९७७ मध्ये शिष्यानं गुरूचं नाव गाण्यात घातलं म्हणून निदान लोकांच्या तोंडी तरी ते राहिलं. मराठीत अनिल मोहिले होते, किती गाणी त्यांच्या अरेंजमेंटवर उभी आहेत ते बघायला रेकॉर्डचं कव्हर उलटून बारीक अक्षरं वाचावी लागतात. २०१२ मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, त्यानं गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क निर्मात्याला एकरकमी लिहून घेता येणार नाही अशी सोय केली, चांगलंच झालं, पण अरेंजर त्यातही नाही. त्याचं बॅरीसारखंच, ठरलेले पैसे घ्या आणि घरी जा. त्यामुळं नव्या पोरांनी सेशनला जाताना निदान एवढं करावं की तुम्ही रचलेली नवी चाल असेल, निव्वळ साथ नसेल, तर तसं कागदावर आधी लिहून घ्यावं, मेसेजवर का होईना. नंतर आठवणीवर भांडता येत नाही. नॉर्मन जिंकला त्यात त्याच्याकडं जुनं गाणं दाखवायला होतं हा मोठा भाग आहे.

आता तिघंही नाहीत. बॅरी २०११ मध्ये गेला, नॉर्मन २०२२ मध्ये, फ्लिक २०२४ मध्ये. फ्लिकनं मुलाखतींमध्ये ते सिगारेटचं पाकीट सांगितलं नसतं तर तो टोन कसा आला हे आपल्याला कधी कळलंच नसतं.

ज्यांनी विचारलं त्यांनी ऐकायचा क्रम असा ठेवा: पहिलं नॉर्मनचं 'बॅड साइन, गुड साइन', मग बॅरीचं 'बीज नीज', आणि मग 'डॉक्टर नो' मधली मूळ रेकॉर्डिंग, नंतरच्या पिक्चरांतली चकचकीत नको. आणि घरात गिटार असेल तर ती शेवटची कॉर्ड वाजवून बघा, सगळ्यात जाड तार मोकळी, पाचवी दुसऱ्या पट्टीवर, चौथी पहिल्या पट्टीवर, तिसरी आणि दुसरी मोकळ्या, सगळ्यात बारीक तार दुसऱ्या पट्टीवर. पिक हळू खाली ओढा, ब्रिजजवळून.